गृहपाठावर शेरा लिहायला जागा ठेवा : दूरस्थ शिक्षणाचे धोरण ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोचे पदाधिकारी,
राज्याच्या उच्च शिक्षण विभागाचे अधिकारी,
आणि मुक्त व दूरस्थ शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांच्या विद्यापरिषदांचे सदस्य यांस

विषय : दूरस्थ शिक्षणातून हरवत चाललेले शिकवणे

महोदय, महोदया,

मी एका तालुक्याच्या गावी दूरस्थ शिक्षणाच्या अभ्यासकेंद्रावर अर्थशास्त्राची समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारी आणि त्यांचे गृहपाठ तपासणारी शिक्षिका, म्हणून काम करते. आठवडाभर कनिष्ठ महाविद्यालयात तास घेते आणि रविवारी त्याच इमारतीत बी.ए.च्या विद्यार्थ्यांची संपर्कसत्रे, म्हणजे समोरासमोरचे तास, घेते. हे काम बरीच वर्षे करत आले आहे, आणि मनापासून करत आले आहे.

यंदा आमच्याकडे गृहपाठांसाठी नवे पोर्टल आले. विद्यार्थ्याने वहीतल्या पानांचे मोबाइलवर फोटो काढायचे, त्यांची पीडीएफ करून अपलोड करायची. आम्ही ती उघडायची आणि गुण भरायचे. गुणांसाठी एक चौकोन आहे. शेरा लिहायला जागाच नाही. गुण एकदा सबमिट केले की ती फाइल आम्हाला पुन्हा दिसत नाही, आणि तपासलेली प्रत विद्यार्थ्याकडे परत जात नाही. त्याला कळतो तो फक्त आकडा, तोही निकाल लागल्यावर. मी विचारणा केली तेव्हा सांगण्यात आले की गुणांची नोंद मागितलेली आहे, शेऱ्याची कुणी मागितलेली नाही.

ते उत्तर ऐकून गप्प बसणे मला शक्य नाही, म्हणून हे पत्र. केंद्राचे आणि विद्यापीठाचे नाव मी लिहीत नाही. दुसऱ्या जिल्ह्यांतले आणि दुसऱ्या विद्यापीठांचे समंत्रक भेटतात तेव्हा तेही थोड्याफार फरकाने हेच सांगतात. हे गाऱ्हाणे एखाद्या कार्यालयाविरुद्ध नाही. ज्या नियमांतून आणि ज्या दुर्लक्षातून असे पोर्टल तयार होते, ते बदलण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

रविवारच्या वर्गात कोण बसते ते आधी सांगू द्या. अंगणवाडी सेविका असतात, कारण मुख्यसेविका व्हायचे तर पदवी लागते. आशाताई असतात. एसटीचे वाहक, होमगार्ड, पेट्रोल पंपावर काम करणारी मुले, पतसंस्थेत कारकुनी करणाऱ्या मुली असतात. बारावीनंतर लग्न झाले, आता मुले शाळेत जाऊ लागली, म्हणून पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या बायका असतात. कुणाला स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायचा असतो, कुणाला बढती हवी असते. आणि दरवर्षी दोन-चार जण असे असतात की ज्यांना पदवीचा कुठे काही उपयोग होणार नसतो, तरी ती हवी असते.

ही माणसे थोडीथोडकी नाहीत. उच्च शिक्षणाच्या 2020-21 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात देशातली एकूण पटसंख्या 4 कोटी 14 लाखांच्या आसपास होती आणि त्यातले 45 लाख 71 हजार विद्यार्थी दूरस्थ पद्धतीने शिकत होते. दर नऊ विद्यार्थ्यांमागे एक. त्यात 20 लाख 90 हजार महिला. उच्च शिक्षणातले नोंदणीचे प्रमाण 2035 पर्यंत 50 टक्क्यांवर न्यायचे, असे 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते, आणि त्यासाठी दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणावर मोठी भिस्त ठेवते. म्हणजे पुढच्या दहा वर्षांत आमच्या रविवारच्या वर्गात आणखी कितीतरी माणसे येणार आहेत. त्यांना शिकवणार कोण, याचे उत्तर मला त्या धोरणात स्पष्ट सापडत नाही.

दूरस्थ विद्यार्थ्याला रोज भेटणारे सर-मॅडम नसतात. अडले तर शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारायची सोय नसते. पुस्तक घरी असते, आणि ते उघडते रात्री, भांडी आवरून झाल्यावर. त्यातले आपल्याला कळले की नाही, कळले असे वाटते ते बरोबर आहे की नाही, हे सांगणारी एकच जागा या सगळ्या रचनेत आहे : गृहपाठावर समंत्रकाने लिहिलेला शेरा.

एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी मागणीच्या नियमावर गृहपाठ होता. एका अंगणवाडी सेविकेने लिहिले, 'भाव वाढला की मागणी कमी होते, असे पुस्तक म्हणते, पण आमच्या घरी कांदा आठवड्याला दोन किलोच लागतो, भाव कितीही असो. म्हणून हा नियम खेड्यात लागू होत नाही.' नियमाप्रमाणे बघितले तर उत्तर चूक. गुण भरायचे म्हटले तर दहापैकी तीन. पण त्या उत्तरात माझ्या दृष्टीने अर्थशास्त्राची सुरुवात होती. पुस्तकातले वाक्य तिने आपल्या स्वयंपाकघराशी ताडून पाहिले होते. मी समासात लिहिले : 'तुमचे निरीक्षण खोटे नाही. भाव दुप्पट झाला म्हणून कांद्याचा खप निम्मा होत नाही, हे खरे. पण थोडा तरी कमी होतो का? आठवडी बाजारात विक्रेत्यांना विचारा. आणि पुढच्या घटकातली मागणीची लवचीकता वाचा.'

पुढच्या गृहपाठात तिने बाजारातली चौकशी लिहून आणली. घरगुती गिऱ्हाईक किलोभर कमी घेते पण घेतेच. हॉटेलवाले मात्र कांदा महागला की पोह्यावर कोबी घालतात. म्हणजे मागणी सगळ्यांची सारखी कमी होत नाही, ज्याला दुसरा पर्याय आहे त्याची जास्त होते. लवचीकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, आणि पर्यायी वस्तू, दोन्ही संकल्पना तिच्या हाताला लागल्या होत्या. मी तिला एक तासही शिकवले नव्हते. तिच्या गावाहून रविवारी एसटी नसायची, त्यामुळे संपर्कसत्राला ती क्वचितच यायची. जे काही शिकवणे झाले ते त्या समासातल्या चार ओळींतून झाले.

आता त्या चार ओळी लिहायला जागा नाही. तिला तीन गुण पडले असते आणि आपल्याला अर्थशास्त्र जमत नाही अशी तिची समजूत झाली असती.

हे मी काही नवे सांगत नाही. 1969 साली सनद मिळालेल्या ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले विद्यार्थी 1971 मध्ये शिकू लागले. बीबीसीवरच्या तिच्या व्याख्यानांची जगभर चर्चा झाली, पण त्या विद्यापीठाचा कणा होता तो टपालाने येणारा गृहपाठ आणि त्यावर शिक्षकाने लिहून पाठवलेला सविस्तर अभिप्राय. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी 1970 च्या दशकापासून मांडले की या शिक्षणातले खरे अंतर मैलांत मोजायचे नसते, शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात संवाद किती होतो त्यावर ते ठरते. आपल्याकडेही हे ठाऊक होते. दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले, मुंबई विद्यापीठाने 1971 मध्ये. हैदराबादला 1982 मध्ये देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, 1985 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी आणि त्यांच्या पिढीने ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे जे स्वप्न पाहिले, त्यात घरोघरी फक्त पुस्तकाचे पार्सल आणि परीक्षेचे हॉलतिकीट पोचावे असे नव्हते. स्वयं-अध्ययनाची पुस्तके, अभ्यासकेंद्र, समंत्रक, गृहपाठ, ही सगळी मांडणी त्या पिढीने विचारपूर्वक केली होती. त्यातला एकेक भाग आज नावापुरता उरतो आहे.

आयोगाच्या नियमांत काय आहे ते मी वाचले आहे. सप्टेंबर 2020 च्या विनियमांनुसार अंतर्गत मूल्यमापनाला, म्हणजे गृहपाठ वगैरेंना, जास्तीत जास्त 30 टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान 70 टक्के भार आहे. एका क्रेडिटला (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचे एकक) 30 तासांचा अभ्यास धरला आहे, म्हणजे 4 क्रेडिटच्या विषयाला 120 तास, आणि त्याच्या दहा टक्के, म्हणजे 12 तास, समुपदेशनासाठी, म्हणजे संपर्कसत्रांसाठी. कागदावर ही रचना वाईट नाही. 12 तास थोडे आहेत, पण ते खरोखर मिळाले तर बरेच काही होऊ शकते. अडचण अशी की तास झाले याची नोंद तपासली जाते, त्या तासांत काय झाले हे कुणी विचारत नाही. 30 टक्के गुण भरले गेले का, हे पाहिले जाते. ते गुण कशाचे, हे पाहिले जात नाही.

आणि मग काय घडते, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असणार. अभ्यासकेंद्राजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार गृहपाठांचे संच मिळतात. विद्यार्थी ते उतरवून काढतात, काही जण तेवढेही करत नाहीत. आता मोबाइलवर प्रश्न टाकला की मिनिटभरात उत्तर तयार होऊन येते. सभा-बैठकांत यावर बोलणे निघाले की सगळा दोष विद्यार्थ्यांच्या नीतिमत्तेवर ढकलला जातो. मला हे पटत नाही. आपले लिखाण कुणी वाचणार नाही याची ज्याला खात्री आहे, त्याने दिवसभर राबून आल्यावर रात्री जागून स्वतःच्या शब्दांत दहा पाने का लिहावीत? गृहपाठ वाचला जातो आणि त्यावर आपल्याला उद्देशून कुणी काही लिहिते, हे कळले की उतरवून काढण्याचे प्रमाण कमी होते, हे मी माझ्या वर्गात पाहिले आहे. प्रश्नांचाही यात वाटा आहे. 'मागणीचा नियम स्पष्ट करा' असा प्रश्न दरवर्षी तसाच देत राहिलो तर उत्तरेही तीच येत राहणार. 'तुमच्या आठवडी बाजारातल्या तीन वस्तूंचे महिनाभराचे भाव टिपा आणि त्यावरून मागणीबद्दल काय दिसते ते लिहा' असा प्रश्न दिला तर झेरॉक्सचे दुकान काही मदत करू शकत नाही. पण असा प्रश्न काढायचा अधिकार समंत्रकाला नाही. प्रश्न मुख्यालयातून येतात.

संपर्कसत्रांचेही तेच झाले आहे. कोरोनाकाळात ती ऑनलाइन घ्यावी लागली, ते समजण्यासारखे होते. ती सोय नंतर अनेक ठिकाणी सवयच होऊन बसली. एका लिंकवर अनेक केंद्रांचे शेकडो विद्यार्थी, सगळ्यांचे माइक बंद, वेळ कामाच्या दिवशी सकाळी अकराची. अकरा वाजता वाहक गाडीवर असतो आणि सेविका अंगणवाडीत. ऑनलाइनला माझा विरोध नाही. दूरच्या गावातल्या, तान्हे मूल असलेल्या, अपंग विद्यार्थ्यांना त्याचा मोठा आधार आहे, आणि रेकॉर्डिंग पुन्हा ऐकता येते हा तर फार चांगला फायदा. पण वीस-पंचवीस जणांचा गट, बोलायची मुभा आणि रात्री आठची वेळ असेल तरच ते संपर्कसत्र. नाहीतर ते प्रक्षेपण आहे, आणि त्याचे तास त्या 12 तासांत धरू नयेत.

पुस्तकांबद्दल थोडे जास्त लिहिणार आहे, कारण दूरस्थ विद्यार्थ्याचा खरा शिक्षक म्हणजे पुस्तक, असे आपणच त्याला सांगत असतो.

आमच्याकडच्या सार्वजनिक वित्ताच्या पुस्तकात कालपरवापर्यंत मूल्यवर्धित कर, केंद्रीय विक्रीकर, सेवाकर आणि जकात अशी प्रकरणे होती. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 ला लागू झाला. त्यानंतर कितीतरी सत्रांत मी तेच पुस्तक हातात धरून शिकवले. वर्गात एक मुलगा होता, दिवसा एका कर सल्लागाराकडे काम करायचा. तो म्हणाला, 'मॅडम, मी रोज दहा व्यापाऱ्यांचे जीएसटीचे रिटर्न भरतो. परीक्षेत काय लिहू, जे भरतो ते की पुस्तकात आहे ते?' मी त्याला सांगितले, जे खरे आहे ते लिही. पण त्याची उत्तरपत्रिका तपासणाऱ्याकडे जी आदर्श उत्तरे असतील त्यात काय असेल याची शाश्वती मला देता आली नाही, आणि त्या मुलाच्या गुणांशी खेळायचा मला अधिकार नव्हता. त्याच पुस्तकात नियोजन आयोग अजून पंचवार्षिक योजना आखत होता. जानेवारी 2015 मध्ये त्याच्या जागी नीती आयोग आला आणि बारावी पंचवार्षिक योजना 2017 मध्ये संपली, ती शेवटचीच.

नेहमीच्या महाविद्यालयात असे जुने पुस्तक असले तरी फारसे बिघडत नाही. शिक्षक वर्गात उभा असतो, तो सांगतो की हे सोडून द्या, आता असे आहे. दूरस्थ विद्यार्थ्याला हे कोण सांगणार? शंभर पानांचे पुस्तक नव्याने लिहायला वेळ लागतो हे मान्य. मग दरवर्षी चार पानांची पुरवणी काढा. पीडीएफ काढायला छापखानाही लागत नाही. आणि हे सगळे घटक लिहिताना ज्यांनी विद्यार्थी समोर बघितला आहे त्या समंत्रकांना एकदा तरी वाचायला द्या. मराठीत लिहिलेले वाक्य तीनदा वाचूनही कळत नसेल तर तो विद्यार्थ्याचा दोष नसतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकातली वाक्ये जशीच्या तशी मराठी शब्दांत बसवली की अशी पाने तयार होतात, आणि अशी पाने आमच्याकडे पुष्कळ आहेत.

आता प्रवेशाकडे येते. 2024 पासून दूरस्थ अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी डीईबी आयडी, म्हणजे दूरस्थ शिक्षण ब्युरोचा ओळख क्रमांक, सक्तीचा झाला. त्याआधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक), त्यासाठी डिजिलॉकर, त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल. बनावट प्रवेश आणि मान्यता नसलेल्या संस्था रोखणे हा हेतू आहे आणि तो योग्य आहे. गावोगावच्या एजंटांनी किती जणांना फसवले ते आम्ही पाहिले आहे. पण ही साखळी आखताना विवाहित स्त्री कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती असे वाटते. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव असते, आधार कार्डावर सासरचे. आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा, आणि तो ओटीपी येतो तेव्हा नवरा कारखान्यात किंवा शेतात. प्रत्येक टप्प्यावर नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडतो. राजपत्रात नाव बदलून घ्या, असे सांगणे सोपे आहे, पण त्याला पैसे लागतात, हेलपाटे लागतात, आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते. पुढच्या वर्षी ती पुन्हा येईलच असे नसते. घरातून एकदा मिळालेली परवानगी वर्षभर टिकते असे समजू नका.

2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्याशी निगडित विषय दूरस्थ पद्धतीतून वगळले, त्यात मानसशास्त्रही गेले. रुग्णाला उपचार देणाऱ्याने प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण बी.ए.ला एक विषय म्हणून मानसशास्त्र वाचणारी अंगणवाडी सेविका दवाखाना थाटणार नव्हती, तिला मुलांचे वागणे समजून घ्यायचे होते. व्यवसायाचा परवाना आणि विषयाचे ज्ञान यांत फरक करणारा निर्णय घेता आला असता. तो अजूनही घेता येईल.

दूरस्थ पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा एकदा जाहीर केले. त्याबद्दल मी आभारी आहे. तरीही खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींत 'नियमित पदवीधर' असे लिहिलेले आमचे विद्यार्थी मला आणून दाखवतात. ही शंका परिपत्रकाने जाणार नाही. पदवीमागे शिकवणे आहे, हे लोकांना दिसले की हळूहळू जाईल.

शेवटची तक्रार समंत्रकांची. आम्ही तासाच्या मानधनावर आहोत, आणि ते वर्ष उलटून गेल्यावर हाती येते. गृहपाठ तपासण्याचे मानधन नगावर असते, त्यामुळे जो झटपट उरकतो त्याला जास्त मिळते आणि जो वाचतो त्याचे नुकसान होते. व्यवस्था जर गठ्ठे संपवण्याचे पैसे देत असेल तर गठ्ठेच संपणार. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत असे काम करणारे सहयोगी अध्यापकही वर्षानुवर्षे तात्पुरत्या करारावर होते. 2022 मध्ये त्यांच्यातल्या चार हजारांहून अधिक जणांना कायमचे करार मिळाले. आमची मागणी तितकी मोठी नाही. वाचायला लागणारा वेळ हा कामाचा वेळ आहे, एवढे मान्य करा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

गृहपाठाच्या प्रत्येक पोर्टलवर शेऱ्याची जागा असावी, आणि लेखी शेरा लिहिल्याशिवाय गुण स्वीकारलेच जाऊ नयेत. तपासलेली प्रत परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधी विद्यार्थ्याला दिसावी. हे बंधन आयोगाने विनियमांतच घालावे, म्हणजे ते एखाद्या विद्यापीठाच्या मर्जीवर राहणार नाही. ही माझी मुख्य मागणी आहे. बाकीच्या सगळ्यांना वेळ लागणार असेल तर लागो, ही मात्र पुढच्या सत्रापासून व्हावी. तिला सॉफ्टवेअरमधला एक चौकोन आणि एक परिपत्रक यापलीकडे काही लागत नाही.

एका समंत्रकाकडे एका विषयाचे तीसच्या वर विद्यार्थी देऊ नयेत, आणि गृहपाठाचे मानधन वाचनाच्या वेळेचा हिशेब धरून ठरवावे व त्याच सत्रात द्यावे. गृहपाठातला निम्मा भाग स्थानिक प्रश्नांचा असावा आणि ते प्रश्न काढण्याची मुभा समंत्रकाला असावी.

संपर्कसत्रांचे वेळापत्रक प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. सत्रे रविवारी किंवा संध्याकाळी असावीत. ज्यात विद्यार्थ्याला प्रश्न विचारता येत नाही ते सत्र 12 तासांत मोजू नये.

ज्या विषयांत कायदे, कर, संस्था, आकडेवारी बदलते त्या विषयांच्या पुस्तकांना दरवर्षी पुरवणी निघावी, आणि ती त्याच वेळी प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडे आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांकडेही जावी.

विवाहानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींना विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा साधे प्रतिज्ञापत्र यावर तात्पुरता प्रवेश द्यावा आणि नावाची दुरुस्ती पहिल्या सत्राच्या अखेरपर्यंत करू द्यावी. प्रत्येक तालुक्यातल्या एका तरी अभ्यासकेंद्रावर प्रवेशकाळात हे काम करून देणारा माणूस बसवावा.

आणि प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी, अभ्यासक्रमवार, किती जणांनी प्रवेश घेतला, त्यांपैकी किती जणांनी पहिला गृहपाठ दिला, किती परीक्षेला बसले आणि किती जण पदवीपर्यंत पोचले, हे आकडे संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर मराठीत जाहीर करावेत. प्रवेशाचे आकडे आम्हाला ऐकायला मिळतात. मध्येच गळून गेलेल्यांचे मिळत नाहीत. माझ्या वर्गात पहिल्या वर्षी भरलेले बाक तिसऱ्या वर्षी रिकामे होतात, ती माणसे कुठे गेली हे विद्यापीठाने शोधले पाहिजे, आणि त्यांच्याशी फोनवर बोलले पाहिजे. फी थकली म्हणून की विषय कळला नाही म्हणून, बाळंतपणामुळे की बदलीमुळे, हे समजले तरच धोरण कशावर आखायचे ते कळेल.

यातल्या कुठल्याही मागणीवर चर्चेसाठी बोलावलेत तर मी स्वखर्चाने येईन, आणि शेरे लिहिलेले जुने गृहपाठ, विद्यार्थ्यांची नावे झाकून, बरोबर आणीन. माझ्यासारखे समंत्रक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांनाही बोलवा. विद्यापरिषदेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि झालेला निर्णय, होकार असो वा नकार, कार्यवृत्तात छापावा, ही विनंती.

आपली,
दूरस्थ शिक्षण अभ्यासकेंद्रावरील एक समंत्रक (अर्थशास्त्र)